चक्कीची मोटार आणि मीटरवरची श्रद्धा

दुसऱ्याच्या चक्कीवर दळलेलं पीठ मी खात नाही. हा माझा नेम आहे. तो का आहे आणि कधीपासून आहे हे सांगायला तोंड उघडलं की समोरचा माणूस आपल्या ओळखीतल्या कुणाच्या तरी पोटदुखीची हकीगत सुरू करतो, म्हणून मी सांगत नाही. स्वयंपाकघरात खिडकीखाली माझी घरगुती चक्की आहे. कपाटाएवढी नाही, पण कपाटाच्या धाकट्या बहिणीएवढी. वरून धान्य ओतायचं, पुढचा दरवाजा लावायचा, बटण दाबायचं, आणि ती दळत असेपर्यंत आपण बाजूला बसून नाम घ्यायचं. माझं आणि त्या चक्कीचं इतक्या वर्षांत एकदाही वाजलेलं नाही. घरातल्या इतर कुणाबद्दल मला असं छातीठोकपणे सांगता यायचं नाही.

माझे आणखी दोन नेम या हकीगतीत येणार आहेत, तेही सांगून टाकते. दिवेलागणीपासून दुसऱ्या दिवशी सकाळचा जप पूर्ण होईपर्यंत मी मौन पाळते. आणि कुणालाही कठोर शब्द बोलत नाही. पहिला नेम घरच्यांना फार आवडतो. दुसरा त्यांच्या इतका अंगवळणी पडला आहे की तो नेम आहे हेच ते विसरले आहेत. त्यांची समजूत अशी की ते वागतातच तसे.

तर एका सकाळी चक्की चालू झाली नाही. घरघर नाही, गुणगुण नाही, जळका वास नाही. बटण दाबलं, वरचा लाल दिवा लागला आणि चक्की ढिम्म उभी राहिली. दुपारी पुन्हा दाबून पाहिलं, तरी तेच. आदल्या दिवशी दळलेलं सगळं पीठ देवळातल्या प्रसादाला गेलं होतं, डबा रिकामा होता. भात मला डॉक्टरांनी बंद केला आहे, आणि बाहेरचं पीठ मी स्वतः. राहिलं काय, तर दूध, फळं आणि उकडलेली भाजी. एक-दोन दिवस माणूस त्यावर आनंदाने काढतो. पुढे मात्र खुर्चीतून उठताना खुर्चीही आपल्याबरोबर उठल्यासारखी वाटायला लागते.

यांना सांगितलं. हे विमा कंपनीत लोकांचे दावे तपासायला होते. आयुष्यभर दावे नामंजूर करून निवृत्त झाले. हाताखालून एखादा दावा मंजूर होऊन गेला की त्यांचा दिवस वाईट जात असे. त्यांनी चक्कीभोवती एक फेरी मारली, तिच्या पाठीवर थाप मारली आणि निकाल दिला, "मोटार गेली."

मी हळूच म्हटलं की काल तर नीट चालली होती. काल तिने यांची दुपारची झोप मोडली होती, ही गोष्ट खरी. दरवाजा खडखडतो, खडखडतो, असं पडल्यापडल्या तीनदा ऐकवून हे शेवटी उठून आले होते. तोवर दळण झालं होतं आणि पीठ काढून मी देवापुढची भांडी घासत होते. पुन्हा खडखडणार नाही असा बंदोबस्त केलाय, एवढं सांगून ते परत झोपायला गेले. कसला बंदोबस्त ते मी विचारलं नाही. यांच्या बंदोबस्तांची चौकशी केली की व्याख्यान ऐकावं लागतं.

"काल नीट चाललेलीच मोटार आज जाते," हे म्हणाले. "बिघडलेली कुठून जाणार?"

यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं. त्यातलं सौम्य काहीच नव्हतं, म्हणून गप्प बसले.

आता कुणा साध्या माणसाने मेकॅनिकला बोलावलं असतं. हे मीटर घेऊन आले. पिवळ्या रंगाचा, मधोमध फिरवायची चकती, वर आकड्यांची खिडकी आणि खाली एक लाल आणि एक काळी अशा दोन तारा, तारांच्या टोकाला सुयांसारखे टोकदार खिळे. यांनी त्याचं माहितीपत्रक दिवाणखान्यात बसून मोठ्याने वाचलं. कळलेलं मोठ्याने आणि न कळलेलं त्याहून मोठ्याने. मग मीटर मऊ कापडात गुंडाळून, टीव्हीशेजारच्या ज्या फळीवर मी उदबत्तीचं घर ठेवत असे तिथे ठेवला. उदबत्तीचं घर खिडकीत गेलं. पिठाच्या हाताने मीटरला शिवायचं नाही, अशी मला ताकीद मिळाली. पीठ घरात असतं तर मी ती मानलीही असती. आणि हे स्वतः मीटरला हात लावायच्या आधी दरवेळी बेसिनशी जाऊन साबणाने हात धुऊन यायचे. मी देवाला शिवताना हात धुते त्याला हे इतकी वर्षं हसत आले होते, हे इथे नमूद करून ठेवते. पुढे लागेल.

मोटार चक्कीच्या मागच्या बाजूने निघते. मागे तीन स्क्रू होते. यांनी पाच काढले. मोटार बाहेर आली, पट्टा निसटून कपाटाखाली गेला, आणि जास्तीच्या दोन स्क्रूंनी मुळात काय धरून ठेवलं होतं हे आजतागायत कुणाला कळलेलं नाही. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून त्यावर मोटार निजवली. एवढ्यात समोरच्या घरातले बँकवाले आले. ते बँकेत शाखाधिकारी होते. त्यांना वास येतो. कुणाच्या घरी काही उघडलेलं असलं, पेटी, भांडण किंवा मोटार, की ते पाच मिनिटांत दारात असतात.

त्या दिवशी मला जे ज्ञान झालं ते असं. मोटारीच्या पोटात तांब्याच्या तारेची वेटोळी असतात, त्याला वाइंडिंग म्हणतात. तिच्या दोन परीक्षा. पहिलीत ती तार आतल्या आत तुटलेली नाही ना, हे बघायचं. दुसरीत ती तार मोटारीच्या लोखंडी अंगाला कुठे चिकटलेली नाही ना, हे बघायचं. पहिल्या परीक्षेत मीटरवर आकडा आला पाहिजे. दुसरीत आकडा येता कामा नये. मीटरने हात वर केले पाहिजेत. दुसरीत आकडा आला तर वीज अंगातून झिरपते आहे, वाइंडिंग गेलं, सगळं तांबं कापून काढून नवं भरायला हवं.

पहिली परीक्षा मोटार पास झाली. मीटर चक्क शीळ घालून वाजला. यांचा चेहरा पडला. विम्याच्या माणसाला पहिल्या झटक्यात पास झालेला अर्ज बघवत नाही.

मग दुसरी. हे पुन्हा हात धुऊन आले. धुतलेले हात पंच्याला पुसले न पुसले करून त्यांनी लाल तारेचा खिळा उजव्या हाताच्या चिमटीत धरला, काळ्या तारेचा डाव्या हाताच्या, सुईत दोरा ओवताना धरतात तसा अगदी टोकाशी. एक टोक वाइंडिंगच्या तारेला टेकवलं, एक लोखंडाला. खिडकीत आकडा आला.

"लिकेज," हे म्हणाले. आवाजात दुःख होतं, पण वरवरचं.

बँकवाल्यांनी लगेच आपल्याकडे मागितलं. त्यांचे हात सदाचे कोरडे, नोटा मोजून मोजून झालेले. त्यांनीही तसंच चिमटीत धरलं. त्यांचा आकडा वेगळा आला, बराच वेगळा. आता कुणालाही वाटेल की एकच मोटार, एकच मीटर, आणि माणूस बदलला की आकडा बदलतो, तर गडबड माणसात असावी. या दोघांना तसं वाटलं नाही. त्यांनी दोन्ही आकड्यांची बेरीज करून सरासरी काढली.

मी फळं चिरत होते. यांच्या बोटांकडे माझं लक्ष होतं, कारण मला भीती होती की ओल्या हाताने काही होईल. हे शिंकले, बोटं जरा घट्ट दाबली गेली, आणि आकडा हलला. मोटार शिंकली नव्हती. मी म्हटलं, "अहो, तुमची बोटं लागतायत का तिथे?"

माझा आवाज मुळात बारीक, त्यातून दूधफळांवरचा. यांना निम्मंच ऐकू गेलं. "बोटं लागणारच. हवेत धरू का?" असं म्हणून त्यांनी बँकवाल्यांकडे पाहिलं, आणि दोघेही हसले. तो हसण्याचा प्रकार मला ठाऊक आहे. मी कुठलाही प्रश्न विचारला की घरातले पुरुष आधी एकमेकांकडे बघतात.

संध्याकाळी यांनी आपल्या धाकट्या भावाला फोन लावला, चित्र दिसणारा. भावजी लिफ्टच्या कंपनीत आहेत. लिफ्टला मोटार असते, तेव्हा आमच्या घराण्यात मोटारींतला शेवटचा शब्द त्यांचा. कंपनीत ते लोकांच्या रजा मंजूर करतात, ही बाब घराण्यात कुणी काढत नाही. भावजींनी मोटार पालथी करून मोजायला सांगितली. मग उताणी. मग खिडकीजवळ नेऊन. प्रत्येक वेळी हे हात धुऊन येत आणि प्रत्येक वेळी आकडा आणखी वाईट येत गेला. भावजींचं मत पडलं की लिकेज वाढत चाललंय, मोटार हातची जाण्याआधी वाइंडिंग करून घ्या. तोवर दिवेलागण झाली होती. मी मौनात होते.

दुसऱ्या दिवशी बँकवाल्यांच्या बायको, वहिनी, माझी विचारपूस करायला आल्या. मन चांगलं आहे बाईंचं, फक्त ते सारखं काम करत असतं. त्यांनी सुचवलं की बाहेरून पीठ आणायचं आणि घरच्या चाळणीने एकदा चाळायचं, म्हणजे ते घरचंच झालं. बँकवाल्यांनी त्याहून वरचढ काढलं: बाहेरच्या चक्कीवर मी स्वतः उभी राहायचं आणि बटण मी दाबायचं, म्हणजे कायद्याने दळणारी मीच. हे म्हणाले, देव काय पिठाचे नमुने तपासायला बसलाय का? आणि बाहेरचं पीठ आणून, कणिक मळून, माझ्यासमोर जेवले. नेम माझा होता, त्यांचा नव्हता, तेव्हा तक्रार नाही. पण एक गोष्ट मात्र माझ्या मनात बसली. माझ्या नेमातून पळवाट काढायला घरदार आणि शेजार एक झाला होता. त्या खिडकीतल्या आकड्याला मात्र कुणी, लिफ्टच्या कंपनीनेसुद्धा, एक प्रश्न विचारला नाही. मी ज्याच्यापुढे हात जोडते त्याच्याशी निदान भांडते तरी.

मध्ये कंपनीचं प्रकरण झालं. चक्की बनवणाऱ्या कंपनीला फोन करायची बुद्धी यांना मोटार काढून झाल्यावर झाली. फोनवरच्या बाईंनी मोटारीवरचा क्रमांक विचारला. तो सांगितला. मग त्यांनी चक्कीसमोर उभं राहून बटण दाबायला सांगितलं. यांनी सांगितलं की चक्कीत मोटार नाही. बाईंनी सांगितलं की तरीही दाबा, पुढची पायरी त्याशिवाय उघडत नाही. यांनी दाबलं आणि चालत नाही असं सांगितलं. बाईंनी खेद व्यक्त केला आणि माणूस पाठवते म्हणाल्या.

तो माणूस यायच्या आधी हे मोटार पिशवीत घालून वाइंडिंगच्या दुकानात देऊन आले होते, कारण भावजींनी घाई करायला सांगितलं होतं. माणूस आला, चक्कीच्या मागे वाकून पोकळीत पाहिलं, त्या पोकळीचा फोटो काढला आणि तक्रार बंद केली. शेरा असा: ग्राहकाकडे मोटार आढळली नाही. त्याखाली यांनी सही केली. लोकांच्या नुकसानीवर असे शेरे मारण्यात ज्यांचं आयुष्य गेलं त्यांची ती सही बघताना मला बरं वाटलं. असं वाटू नये, हे मला कळतं. त्या दिवशी एक माळ जास्त ओढली.

दुकानदाराने सांगितलं होतं की उद्या सकाळी दुकान उघडताच तांबं कापायला घेतो. पण त्याने आणखीही एक सांगितलं होतं, आणि ते हे जेवताना सहज बोलून गेले. ही मोटार जुनी, असल्या बारीक तारेची आता कुणी बनवत नाही. नवी तार जाडीला जमली तर ठीक, नाही जमली तर मोटार भंगारात आणि मोटारीमागून चक्की. तांबं एकदा कापलं की कापलं.

मी ताट बाजूला सारलं. ताटात उकडलेला दुधी होता, पण कारण ते नव्हतं.

दुपारी हे बँकवाल्यांकडे गेले. मीटर टेबलावरच राहिला होता, कापडाविना. मी पुसून ठेवावा म्हणून गेले. चकती यांनी फिरवून ठेवलेल्या खुणेवरच होती, खिडकी चालू होती. मनात काय आलं कोण जाणे, मी यांच्यासारखेच दोन्ही खिळे दोन हातांच्या चिमटीत धरले. टोकाशी. घट्ट.

खिडकीत आकडा आला.

मी खिळे सोडले. आकडा गेला. पुन्हा धरले, पुन्हा आला. हात ओले करून धरले, तर हुबेहूब यांचा आकडा. पदराने कोरडे करून धरले, तर बँकवाल्यांचा. मोटार चार गल्ल्या पलीकडे दुकानात पडली होती, आणि मोटारीचं लिकेज माझ्या टेबलावर होतं.

म्हणजे हे इतके दिवस मोटार मोजतच नव्हते. स्वतःला मोजत होते. वीज एका बोटातून शिरून दुसऱ्या बोटातून बाहेर पडत होती, आणि मीटर बिचारा खरं तेच सांगत होता की मध्ये एक माणूस आहे. एवढा मीटर देवासारखा मानला, एवढे हात धुतले, आणि हात धुतल्यामुळेच लिकेज वाढत गेलं.

हे परत कधी येतात याची मी वाट बघत बसले. आले ते बरोबर दिवा लावल्यावर.

आता कुणी म्हणेल, मोडायचं होतं मौन. चक्कीसाठी मौन मोडलं असतं तर मग चाळणीने चाळलेलं पीठ काय वाईट होतं? मी कागद घेतला आणि त्यावर लिहिलं, मोटार चांगली आहे. यांनी चष्मा लावून वाचलं आणि सुस्कारा सोडला. "होती गं चांगली," म्हणाले. "पण आता काय." कागदाची घडी करून त्यांनी खिशात ठेवली, मायेने. मी दुसऱ्या कागदावर लिहिलं, तुमची बोटं. यांनी वाचलं, आपल्या बोटांकडे पाहिलं आणि जेवायला बसण्याआधी हात धुऊन आले.

तिसरा कागद मी काढला नाही. हे अंथरुणावर पडून बातम्या ऐकत होते, आणि बातम्या चालू असताना मी लिहिलेलं वाचण्याचा त्यांचा रिवाज नाही.

सकाळी मी जपाला बसले, तो निम्म्यात असताना दारात पिशवीचा आवाज आला. हे दुकानात निघाले होते, बँकवाले सोबतीला. वाइंडिंग नीट भरतोय की नाही यावर लक्ष ठेवायला. मी जपातून कधी उठलेली नाही. त्या दिवशी उठले. माळ कनवटीला लावली, मीटर कापडासकट उचलला आणि चपला घालून त्यांच्या मागे निघाले. यांनी जिन्यात वळून पाहिलं, बँकवाल्यांना सांगितलं की चक्कीवर जीव आहे तिचा, शेवटचं बघायला येतेय. बँकवाल्यांनी मान हलवली. जप पुरा झालेला नव्हता, म्हणजे माझं मौन सुटलेलं नव्हतं. हे दोघांनाही ठाऊक होतं आणि त्यामुळे दोघे निर्धास्त चालत होते.

दुकान म्हणजे एक खोली, छतापर्यंत मोटारी, काही पोट फाडलेल्या, काही फाडायच्या. दुकानदार स्टुलावर बसून आमच्या मोटारीला छिन्नी लावायच्या बेतात होता. त्याने मोटार तपासली होती का, तर नाही. साहेब मीटर लावून आलेत म्हटल्यावर आपण पुन्हा कशाला लावायचा, असं त्याचं म्हणणं. बरोबरच आहे. चौथ्या माणसानेही तिघांवर विश्वास टाकला, आणि भोळी म्हणून नाव माझं.

मी छिन्नी आणि मोटार यांच्यामध्ये हात घातला. दुकानदार दचकला. बाईमाणूस, तोंडातून शब्द नाही, डोळ्यांत काय होतं ते मला दिसत नव्हतं. त्याने छिन्नी खाली ठेवली.

"अगं, काय हे?" हे म्हणाले.

मी मीटर काढून टेबलावर ठेवला, चकती फिरवून यांच्या खुणेवर आणली. मग यांचा उजवा हात धरला, चिमटीत लाल खिळा दिला. डावा हात धरला, काळा दिला. लग्नात हातात हात दिला होता त्यानंतर भर चारचौघांत मी यांचा हात धरल्याचं मला आठवत नाही. मोटार तिकडे स्टुलापाशी, हे इकडे टेबलापाशी. खिडकीत आकडा आला. यांना तो आकडा चांगला ओळखीचा होता.

यांनी मान वळवून मोटारीकडे पाहिलं, मग पुन्हा खिडकीकडे.

दुकानदार पुढे वाकून आकडा वाचून म्हणाला, "साहेब, लिकेज तर तुमच्यात आहे."

बँकवाल्यांनी यांच्या हातातून खिळे काढून घेतले आणि स्वतः धरले. आकडा आला. त्यांनी खिळे सोडले, शर्टाला हात पुसले, पुन्हा धरले. आकडा आला. आपलं लिकेज यांच्यापेक्षा कमी आहे असं ते म्हणाले, आणि वाक्य पुरं होता होता त्यांना स्वतःलाच ते ऐकू आलं असावं, कारण त्यानंतर ते दुकानाबाहेर जाऊन रहदारी बघत उभे राहिले.

मी खिळे मागच्या प्लास्टिकच्या मुठीने धरले, एक वाइंडिंगला टेकवला, एक लोखंडाला. मीटरने हात वर केले. कुठे काही झिरपत नव्हतं. मोटार दुसऱ्या परीक्षेतही पास होती, पहिल्या दिवसापासून.

घरी येताना तिघांत मोटार मी धरली होती.

घरी आल्यावर आधी जप पुरा केला. तोवर यांनी कपाटाखालून पट्टा काढून मोटार बसवली, तीन स्क्रूंत. दोन उरले ते वाटीत. मी धान्य ओतलं, देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं. लाल दिवा लागला. चक्की ढिम्म.

आणि यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी जन्मात विसरणार नाही. हे सावकाश खुर्चीत बसले. "बघ," म्हणाले. "मी म्हणत नव्हतो? मीटर उगाच बोलत नाही." तेवढ्यात दाराशी जाऊन समोरच्या घरात ओरडून सांगूनही आले की मोटार गेलेलीच आहे.

मला रडू येत होतं आणि चक्करही. मी चक्कीपुढे जमिनीवर बसले, आणि बसल्या बसल्या सवयीने फडक्याने तिचा दरवाजा पुसायला लागले. पुसताना दरवाजा एका बाजूने जरासा पुढे आलेला दिसला. बोटभरही नाही, त्याच्या निम्मा. आता या चक्कीचं असं आहे की दरवाजा नीट बसला नाही तर ती चालत नाही. कुणाचा हात आत जाऊ नये म्हणून चौकटीत एक छोटी कळ असते, दरवाज्याने ती दाबली तरच मोटारीला वीज मिळते. मी दरवाजा उघडला. चौकटीच्या आतल्या अंगाला, कळीच्या जरा वर, चिकटपट्टीने नीट डकवलेली जाड पुठ्ठ्याची चौपदरी घडी होती. शर्टाच्या कॉलरमध्ये असतो तो पुठ्ठा. गेल्या महिन्यात यांनी नवा शर्ट घेतला होता.

खडखडाटाचा बंदोबस्त.

मी चिकटपट्टी काढली, दरवाजा लावला, बटण दाबलं. चक्की सुरू झाली. दरवाजा खडखडायला लागला. त्याहून गोड आवाज मी अलीकडे ऐकलेला नाही.

पुठ्ठ्याची घडी मी यांच्या हातात दिली. जोरात नाही, सौम्यपणे. हे ती उलटसुलट करून बघत राहिले, दाव्याच्या कागदासारखी, नामंजूर करायला जागा शोधत. सापडली नाही. चक्की दळत होती, पीठ डब्यात पडत होतं आणि आम्ही दोघे त्याकडे बघत होतो.

मग हे उठले, बँकवाल्यांचं दार वाजवलं, आणि मला इथपर्यंत ऐकू आलं की मोटार इतके दिवस उघड्यावर राहिली, हवा लागली, सुकली, त्यामुळे सुटली. बँकवाले म्हणाले की त्यांना पहिल्यापासून ओलाव्याचाच संशय होता. रात्री भावजींनी फोनवर सांगितलं की लिफ्टच्या मोटारींचंही असंच असतं. मीटर फळीवरच आहे. आता त्याला हात लावताना हे रबरी हातमोजे घालतात. हातमोजे घालण्याआधी हात धुतात.

पण ते पुढचं. त्या दुपारी मी ताजं पीठ मळलं, तवा ठेवला आणि इतक्या दिवसांनी पोटभर जेवले. हे समोर बसले होते, त्यांचं बाहेरचं पीठ डब्यात तसंच राहू देऊन, माझ्याकडे बघत. मी त्यांनाही वाढलं. निम्मं जेवण झाल्यावर हे माझ्याकडे न बघता बोलले, "ते पुठ्ठ्याचं, आणि दुकानातलं. तू कुणाकडे बोलणार नाहीस ना?"

"नाही," मी म्हटलं. "एक शब्द बोलणार नाही."

माझा शब्द म्हणजे काय हे या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. हे समाधानाने जेवले, हात धुतले आणि दुपारची झोप घ्यायला गेले. चक्की दळत होती, दरवाजा खडखडत होता, यांनी आतून एकदाही तक्रार केली नाही. मी जेवणाचं टेबल पुसलं, कागद घेतला आणि लिहायला बसले. लिहिण्याबद्दल यांनी काही विचारलं नव्हतं.